उंची तेवढीच

सकाळी साडेआठला बापूसो लोहार कुलूप काढतात
आणि आधी टाकीत वाकून बघतात.
पाणी आलं असेल तर टेस्ट,
नाही तर चहा.

आज आलंय.

ॲक्रिलिकच्या नळकांड्यात काल भरलेली वाळू
रात्रभर भिजत बसली आहे.
सत्तर टक्के भरड, तीस टक्के बारीक,
मधल्या मापाचा एक दाणा नाही.
"म्हंजे म्हातारी हाईत, पोरंटोरं हाईत,
तरणं समदं पुण्याला," बापूसो म्हणतात.
मी वहीत लिहिते : गॅप ग्रेडेड, नमुना सतरा.

वरची बादली दोन सेंटिमीटर चढवायची.
दहा मिनिटं थांबायचं.
काचनळ्यांतल्या पाण्याच्या रेघा वाचायच्या.
पुन्हा दोन सेंटिमीटर.
आई विचारते, मग पगार कशाचा देतात?

बापूसोंना चाळणी लागत नाही.
चिमूट घेतात, अंगठ्यानं चोळतात, कानाशी नेतात.
"ही दीडशेची. ही पंच्याहत्तरची.
ही न्हाई आपली, हिच्यात माती हाय."
शिरोलीच्या फाउंड्रीत बावीस वर्षं साचे भरले त्यांनी.
पंपाची घरं, ट्रॅक्टरचे ब्रेक ड्रम.
साचा फोडला की वाळू धुरासारखी पत्र्यापर्यंत चढायची.
"फडकं बांधत हुतो की. फडक्यानं काय ऱ्हातंय, म्याडम."

अकरा चाळीस. बादली छत्तीसवर.
खालून तिसऱ्या नळीपाशी एक कण हलला.
हलला म्हणणं जास्त होईल,
कूस बदलली त्यानं.
मग शेजारच्यानं.
मग भरड दाण्यांमधल्या बोळांतून
बारीक वाळू निघाली,
ढकलाढकली नाही, आवाज नाही,
बाजार उठल्यावर माणसं निघतात तशी.

वर पाणी दुधी झालं.
मी फूटपट्टी लावली.
उंची तेवढीच.
भरड दाणे एकमेकांना खांदा देऊन
होते तसे उभे.

मामाच्या गावच्या पाझर तलावालाही
खालच्या अंगाला अशीच ओल आली होती.
झरा लागला म्हणून गावानं नारळ फोडला,
बायका तिथं धुणं आणायला लागल्या.
एका वर्षी धुतलेली धोतरं पिवळट निघाली
आणि दोष साबणाला गेला.
वर बांध ठीक, दगड ठीक, म्हशी चालताहेत.
तो अजून फुटलेला नाही.
कुणी विचारलं की मी एवढंच सांगते,
आणि बादली चढवते.

वाहून आलेलं गाळलं, भट्टीत वाळवलं, तोललं.
दोनशे चौदा ग्रॅम.
"एवढी गेली?" बापूसोंनी बशी उजेडात धरली.
मग खोकले. बराच वेळ. भिंतीला हात लावून.

चाळण्यांच्या कपाटात, मागच्या बाजूला
खाकी पाकिटात त्यांचा एक्स-रे आहे.
गेल्या आठवड्यात नळकांड्यामागच्या दिव्यावर
त्यांनीच तो लावून दाखवला.
दोन्हीकडं पांढरे ठिपके,
बाजरी सांडावी तसे.
"इथलं कायबी ग्येलं न्हाई बघा.
बादली किती चढीवली म्हंजे निघंल?"
हसले. मीही हसले.
माझ्या तक्त्यात त्या प्रश्नाला रकाना नव्हता.

नमुना अठराची वाळू चाळायची होती.
त्यांनी टॉवेल नाकाला गुंडाळला.
मी चाळणी ओढून घेतली, म्हटलं,
तुम्ही टाकी बघून या.
"आत्ता तर बघितली."
"परत बघा."

गेले. लेंग्याला हात पुसत, पुटपुटत.
मी मशीन चालू केली, दार लावून घेतलं.
काचेवर बारीक धूळ बसू लागली.
बोटानं ओढली तर रेघ उठेल इतकी.

मग बाहेरून, जिन्याखालून, आवाज आला :
"पाणी ग्येलं ओ!"

म्हणजे चहा.